कोकणातल्या घरात आधी एसी की आधी छप्पर?

देवगडवाला
मे महिन्याचं बिल आलं, ३४२ युनिट. एसी नव्हता तोवर याच महिन्यात आम्ही दीडशेच्या आत असायचो. दर वाढले म्हणून सगळे ओरडतात, तेही खरंच आहे. पण आमच्या बिलाचं मूळ मला दुसरीकडे दिसतं. कौलं उतरवून आम्ही स्लॅब टाकला, तो दिवसभर भाजून निघतो आणि रात्री अकरालाही हाताला गरम लागतो. एसीची अर्धी ताकद त्याच्याशीच झुंजण्यात जाते. जुन्या घराला चिऱ्याच्या जाड भिंती होत्या, वर माळा आणि त्यावर कौलं. गरम हवा कौलांच्या फटींतून आपसूक निघून जायची. म्हणून पैसे आधी छपरावर घाला, एसीचं नंतर बघू.

दिवेआगरकरीण
३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. आमची कौलं वाडीत माडांखाली चुरा होऊन पडली होती. ती दुपार आम्ही शेजाऱ्यांच्या स्लॅबखाली काढली. म्हणून कौलारू घराचं कौतुक ऐकलं की मला राग येतो. उकाडा सोसता येतो हो, छप्पर उडालेलं सोसवत नाही.

राजापूर
वादळ राहू दे, आमच्याकडे वानरंच पुरेशी आहेत. दरवर्षी पावसाआधी कौलं बदलायची, आणि कौलं परतायला, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायला, चढणारा माणूस गावात उरलेला नाही. स्लॅब कोणी हौसेने टाकलेला नाही.

देवगडवाला
ताई, स्लॅब पाडा असं मी म्हणतच नाही. आहे त्या स्लॅबवर सावली करा, एवढंच म्हणतोय.

चाकरमानी
पण हे सगळं आपल्याच गळ्यात का? १०० युनिटांच्या पुढे दर जवळपास दुप्पट होतो, त्यावर स्थिर आकार, वीज पोचवण्याचा वहन आकार, वर १६ टक्के वीज शुल्क. दमट हवेत घामच सुकत नाही, तिथे पंख्याने काय होणार? माझ्या आईला रक्तदाबाचा त्रास आहे, तिच्यासाठी एसी चैन नाही. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीच्या सुनावण्या होतात, तिथे आपण बोलायला हवं. घराघरांत छपरं नीट करत बसलो तर दर कुणी विचारणारच नाही.

देवगडवाला
सुनावणीत जरूर बोलू, मीही येतो. पण तुमचाच हिशेब पुढे न्या. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, म्हणजे वाचवलेलं युनिट नेहमी सर्वात महागाचं असतं. आईंचा एसी बंद करायला कोण सांगतंय? छत थंड असेल तर तोच एसी २६ अंशांवर ठेवून भागेल. ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटचे लावले तरी रोज बारा तासांत पंख्यामागे अर्धं युनिट वाचतं.

चिरेबंदी
बांधकामातला आहे म्हणून लिहितो. खालून थर्माकोल आणि फॉल्स सीलिंग करू नका. स्लॅब तापतोच, आणि आपल्या पावसात गळती झाली तर थराआड पाणी मुरून बुरशी धरते. मी स्वतः एका घरात ते केलं आणि दोन पावसाळ्यांनी उपसून काढलं. अडवायचं ते वरून. पांढरं चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत फरश्यांचे फुटके तुकडे, बसवा, किंवा तीन-चार फूट मोकळी जागा सोडून पत्रा घाला, वारा आरपार जाईल असा. नुसता चुना मारला तर पावसाळ्यात शेवाळाने काळा पडतो, दर उन्हाळ्याआधी परत मारावा लागतो.

दिवेआगरकरीण
आणि तो पत्रा वादळात कुठे जातो, तेही सांगा.

चिरेबंदी
बरोबर विचारलंत. खांब स्लॅबमध्ये नीट धरलेले नसतील तर पत्रा सुऱ्यासारखा उडतो. किनाऱ्यालगत मी मोझॅकच सुचवीन.

रत्नागिरीतली भाडेकरू
स्लॅब, मोझॅक हे सगळं मालकाचं. आम्ही पत्र्याच्या खोलीत राहतो. मालकाला छपराबद्दल विचारलं तर म्हणाले, "बिल तुम्ही भरता, मी खर्च का करू?" यंदा एप्रिलमध्ये पत्र्यावर माडाची झावळं अंथरली, सुंभाने बांधली. दुपारी बाळ दोन तास सलग झोपलं. आता पाऊस येईल, ती कुजतील, काढावी लागतील. दर कमी झाले किंवा नाही झाले तरी आमची खोली तापतच राहणार आहे.

चाकरमानी
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मालकाशी बोलायला कुणी सोबत हवं असेल तर सांगा, गणपतीला मी गावात आहे.