पाहुणा फ्लॅट सोडत नाही, कायदेशीर मार्ग कोणता?

प्रश्न: म्हापशात मी भाड्याने राहतो. मावसभावाचा एक मित्र नोकरी लागेपर्यंत म्हणून आला, त्याला सात महिने झाले; तो विजेच्या बिलातही वाटा देत नाही आणि हॉलमधल्या दिवाणाखाली त्याच्या दोन बॅगा तशाच पडून आहेत. कुलूप बदलले तर चालेल का?

उत्तर १: कृपया तसे करू नका. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ चा आधार घेऊन तो ताबा हिरावल्याचा दावा सहा महिन्यांच्या आत लावू शकतो. आधी परवानगी मागे घेतल्याची, मुदत देणारी नोटीस वकिलामार्फत पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. तरीही तो हलला नाही, तर दिवाणी न्यायालयात जा.

उत्तर २: धीर सोडू नका. गोव्यातल्याच एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले की, फुकट राहू दिलेल्या माणसाला कितीही वर्षे राहिल्याने मालमत्तेत हक्क मिळत नाही.

उत्तर ३: घरमालकांना आजच लेखी कळवा. गोव्याच्या १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्यात विनापरवानगी पोटभाडेकरू ठेवणे हे भाडेकरूलाच बाहेर काढण्याचे कारण ठरते, म्हणून त्या गृहस्थांकडून आता 'भाडे' म्हणून एक रुपयाही घेऊ नका.