अनुभव धागा : देव असतो, पण जाणवत नाही तेव्हा...

यावर सहसा कोणी बोलत नाही, म्हणून धागा काढतेय. विश्वास आहे, तरी प्रार्थना कोरडी पडलीय, हाक पोचतच नाही असं वाटतं. असे दिवस तुमच्या वाट्याला आले का? कशाच्या आधारावर तग धरलात? उपदेश नको, स्वतःचं लिहा.

---

बाबा गेल्यावर पूजा सुटली नाही, पण आतून सगळं बंद झालं. हात जोडायचे आणि मनात काहीच नाही, रागसुद्धा नाही. तेव्हा तुकोबा जवळचे वाटले. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला. पुढे विठ्ठलाशी ते किती भांडले, काय काय बोलले त्याला! आणि ते सगळं भक्तीतच जमा झालं. मग मीही देवापुढे बसून जाब विचारायला लागले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा रडू फुटलं ते तिथे. उत्तर मिळालं नाही, पण ज्याच्याशी भांडतेय तो समोर आहे, याची खात्री मात्र त्या भांडणातच पटली.

---

ताई, अगदी पटलं. मी ख्रिस्ती आहे. मला आधार बायबलमधल्या एलीयाचा. एवढा मोठा संदेष्टा, पण रानात झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागत होता. देवदूताने त्याला बोल लावला नाही. उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. आमच्या पाळकांनी मला हा भाग वाचून दाखवला आणि एकच विचारलं, "झोप लागते का?" लागत नव्हती. डॉक्टरांकडे गेलो, औषधं सुरू झाली. प्रार्थनेची गोडी परतायला बराच काळ गेला, पण देव माझ्यावर रुसलाय ही भीती त्याआधीच गेली होती.

---

शब्द सुचत नाहीत तेव्हा "आहेस ना?" एवढंच म्हणते.

---

माझ्यासाठी कुराणातली ९३ वी सूरह, म्हणजे अध्याय, अद-दुहा. वह्य, म्हणजे अल्लाहकडून येणारा संदेश, थांबला होता, प्रेषित व्याकूळ झाले होते, आणि मग आश्वासन आलं की तुझ्या रबने, पालनकर्त्याने, तुला सोडलेलं नाही. खुद्द प्रेषितांनाही वाट पाहावी लागली, हे आठवलं की माझी नमाज सुटत नाही.

---

माझं अजून सरलेलं नाही. सामूहिक प्रार्थनेला मागच्या रांगेत बसते. मला म्हणवत नाही, बाकीचे म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात माझंही धरलं जातं असं मी मानते. पुढच्या वेळीही जाणार आहे.