नशा करणाऱ्याला तुरुंगात का टाकायचं?

मूळ धागा

अंमली पदार्थ कायदेशीर करावेत का, यावर वाद घालताना आपण दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतो. स्वतःपुरता माल बाळगणाऱ्याला गुन्हेगार न मानणं ही एक गोष्ट. तोच माल दुकानात उघड विकू देणं ही दुसरी. माझा आग्रह पहिलीसाठी आहे.

पोर्तुगालमध्ये १९९०च्या दशकाच्या अखेरीस शंभरातला जवळपास एक माणूस हेरॉइनच्या विळख्यात होता. २००१ साली त्यांनी कायदा बदलला. दहा दिवस पुरेल इतका माल सापडला, तर पोलीस तो जप्त करतात, पण माणसाला कोर्टाऐवजी तीन जणांच्या समितीपुढे पाठवतात. तिथे त्याला विचारतात: कधीपासून घेतोस, घरी कोण आहे, उपचार घेशील का? विकणारा मात्र आजही तुरुंगातच जातो. नंतरच्या वर्षांत नशेच्या सुयांमधून होणारी एचआयव्हीची लागण खूपच खाली आली. आजारी माणसाच्या कपाळावर गुन्हेगाराचा शिक्का मारून तो बरा झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

प्रतिसाद १

धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे, पण त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२०मध्ये मतदान घेऊन हेच केलं. माल सापडला तर १०० डॉलर दंड, आणि मदतीच्या नंबरावर फोन करून तपासणी करून घेतली की तोही माफ. फोन करणारे अगदी मोजके निघाले. रस्त्यावर उघड नशा वाढल्याची ओरड झाली आणि सप्टेंबर २०२४पासून माल बाळगणं तिथे पुन्हा गुन्हा ठरलं.

मी चौदा वर्षं व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. ‘मला सोडायचंय’ म्हणत स्वतःहून दारात येणारे फार थोडे. बायको मुलांना घेऊन निघून गेलेली असते, नोकरी सुटलेली असते, नाहीतर पोलिसांनी पकडलेलं असतं. हा धाक तुम्ही काढून घेतलात, तर त्याच्या जागी काय ठेवणार?

प्रतिसाद २

धाक इतका गुणकारी असता, तर एवढ्या वर्षांच्या बंदीनंतर माल मिळेनासा झाला असता. उलट तो जास्त जहाल झाला. चोरून न्यायचं म्हटलं की कमी जागेत जास्त नशा मावेल असाच माल तस्कर निवडतो. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा बिअर मागे पडली आणि कडक दारू पुढे आली. आता हेरॉइनची जागा फेंटानिलने घेतली आहे. ते हेरॉइनच्या सुमारे ५० पट तीव्र. घेणाऱ्याला पुडीत काय आहे हेच कळत नाही, आणि तो मरतो.

स्वित्झर्लंडने १९९४पासून जुनाट व्यसनींना डॉक्टरांच्या देखरेखीत शुद्ध हेरॉइन द्यायला सुरुवात केली. ऐकायला विचित्र वाटतं. पण ठरलेला डोस मिळू लागल्यावर त्यातल्या अनेकांना चोरी करायची गरज उरली नाही. २००८मध्ये तिथल्या जनतेने ही योजना मतदानाने कायम केली.

प्रतिसाद ३

जहालपणाचा दोष एकट्या बंदीवर ढकलू नका. अमेरिकेत ज्या राज्यांत गांजा कायदेशीर झाला, त्यातल्या अनेक राज्यांत परवानाधारक दुकानांतच ऐंशी टक्क्यांहून अधिक टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेले अर्क विकले जातात. तस्कराला जागा वाचवायची असते, तर कंपनीला नेहमीचं गिऱ्हाईक हवं असतं.

दारूचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९मध्ये दारूमुळे २६ लाख माणसं गेली, इतर अंमली पदार्थांमुळे ६ लाख. कायदेशीर नशा सौम्य असते म्हणून मोकळी आहे, असं मुळीच नाही. ती सगळीकडे मिळते, म्हणून इतकी माणसं मारते.

मूळ धागाकर्ता

अर्कांचा मुद्दा मान्य. कंपन्यांच्या हाती विक्री आणि जाहिरात द्यावी, असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. पण तंबाखू आठवा. धूम्रपान कितीतरी देशांत घटलं ते कर वाढवून, जाहिराती बंद करून, पाकिटावर इशारे छापून. त्यासाठी सिगारेट ओढणाऱ्या कुणालाही कोठडीत डांबावं लागलं नाही.

प्रतिसाद १मधला प्रश्न मात्र मला टोचला. पोर्तुगालमध्ये त्या धाकाच्या जागी समिती होती आणि समितीमागे उपचारांची सोय होती. ओरेगनमध्ये दंड आधी आला, उपचारांचा पैसा वेळेत पोहोचला नाही.

प्रतिसाद ४

आकडे मला येत नाहीत. माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा असताना खिशातल्या छोट्या पुडीपायी पकडला गेला. आठ महिने आत होता. आत जाताना तो अधूनमधून घेणारा पोरगा होता. बाहेर आला तो सुई टोचायला शिकून, आणि माल कुठे मिळतो ते सांगणारे चार मित्र जोडून. नोकरीच्या प्रत्येक अर्जावर ‘पूर्वी अटक झाली आहे का’ हा रकाना यायचा. शेवटी त्याने अर्ज भरणंच सोडलं.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या भावासारखी मुलं मी पाहिली आहेत. त्याला तुरुंगात पाठवायला नकोच होतं, इथे माझं धागाकर्त्यांशी भांडण नाही. पण पोलिसांच्या हाती लागला त्या रात्री त्याला कुणाच्या तरी समोर बसवायला हवं होतं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसवायला हवं होतं. तो आला नाही, तर घरी जाऊन आणायला हवं होतं. आमच्या केंद्रात आज एका समुपदेशकामागे साठ जण आहेत. कायदा उद्या बदला, माझी हरकत नाही. आधी त्या साठांचे वीस करा.

प्रतिसाद ४

तो आता चौतीसचा आहे. तुमच्या केंद्रात जागा असेल तर सांगा. मी त्याला घेऊन येते.