घरचं शिवणाचं मशीन: तुम्ही स्वतः काय काय दुरुस्त केलंत?

पुणे

सुरुवात मीच करते.

एप्रिल २०२०. लॉकडाऊन लागलेला, दुकानं बंद आणि सोसायटीच्या वॉचमन-सफाईवाल्यांसाठी आम्ही चौघीजणी जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवत होतो. माझ्याकडे आईचं काळं, पायाचं मशीन. तिसऱ्या दिवशी त्यानं खाली दोऱ्याची जटा करायला सुरुवात केली. वरून टीप सुरेख, कापड उलटं केलं की पुंजकाच. गुंता खाली होता म्हणून मी बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या, मागे लागले. ती ज्या डबीत बसते त्या केसचा बारका स्क्रू आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. दोन दिवस त्यात गेले. मेकॅनिक येणं शक्यच नव्हतं.

शेवटी आत्याला फोन केला. तिनं एकच प्रश्न विचारला, "वरचा दोरा ओवताना पाय वर होता का खाली?"

मशीनचा पाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरतो तो, खाली होता. तिनं समजावलं ते असं. दोरा ज्या दोन चकत्यांमधून जातो त्या चकत्या कापडावरचा पाय उचलला की एकमेकींपासून सुटतात आणि पाय टेकवला की आवळून बसतात. पाय खाली असताना ओवलं तर दोरा चकत्यांच्या आत शिरतच नाही, वरच्यावर राहतो. मग वरच्या दोऱ्याला ताणच नसतो आणि तो भसाभस खाली ओढला जातो. म्हणजे जटा दिसते खाली, पण चूक वरची. मी पाय उचलला, दोरा काढून पुन्हा ओवला, सुईजवळ पाय टेकवून हातानं ओढून पाहिला. आता तो जोर लावल्यावरच येत होता. पहिलीच टीप सरळ पडली.

केसचा स्क्रू मी दोन दिवस फिरवलेला, त्यामुळे तो मूळ जागी आणायला आणखी एक संध्याकाळ लागली. त्याची परीक्षाही आत्यानंच सांगितली. बॉबिन भरून केसमध्ये बसवायची, दोऱ्याचं टोक धरून केस हवेत लोंबकळत सोडायची. ती आपोआप घसरत खाली गेली तर सैल, हिसका देऊनही हलली नाही तर घट्ट. हलक्या हिसक्यासरशी दोन-तीन बोटं उतरून थांबली की बरोबर.

या एका प्रसंगानं माझी मशीनची भीती गेली. म्हणून हा धागा. घरच्या मशीनवर तुम्ही स्वतः काय केलंत, काय चुकलं, कुठे थांबलात, ते लिहा. कंपनी कुठलीही असो.

सांगली

माझे वडील शिंपी होते. गल्लीतल्या बायका "मशीन बिघडलंय हो" म्हणत यायच्या तेव्हा ते दुकानातून निघताना फक्त सुयांचं पाकीट खिशात घालायचे. पेचकस नाही, तेल नाही. दहातल्या सहा-सात घरी तेवढ्यानं काम व्हायचं.

सुई बोथट झाली की कापडात शिरताना बारीक टक् टक् आवाज येतो. टोक नखावरून हलकेच ओढा, ओरखडा उठला तर ते वाकलंय. सलग शिवण असेल तर सात-आठ तासांनी सुई बदलावी. महागाची गोष्ट नाही.

बसवतानाही चुका होतात. घरगुती मशीनच्या सुईच्या वरच्या जाड भागाला एक बाजू चपटी असते आणि खालच्या दांड्याला एका बाजूनं लांब खाच असते. ही खाच दोरा ज्या बाजूनं ओवतो त्या बाजूला यायला हवी. उलटी बसली तर टाके सुटतात किंवा पडतच नाहीत. आणि सुई वर टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळायचा. तांदळाएवढी खाली राहिली तरी शटलचं, म्हणजे खाली बॉबिनजवळ फिरणाऱ्या भागाचं, टोक दोरा पकडत नाही. कारखान्याच्या मशीनची गोल बुडाची सुई घरच्या मशीनला चालत नाही, दुकानात मागताना तेवढं स्पष्ट सांगा.

नंबर सुईवरच कोरलेला असतो. साध्या सुती कापडाला १४, व्हॉइल किंवा पातळ रेशमाला ११, जीन्सला १६ किंवा १८. टी-शर्टच्या ताणणाऱ्या कापडावर टाके सुटत असतील तर मशीन उघडू नका, गोल टोकाची, होजिअरीची सुई मागा. आमच्याकडे दिवाळीनंतर गोधड्यांची कामं यायची तेव्हा वडील सगळ्यांना आधी १८ नंबर लावायला सांगायचे. चार थरांत १४ नंबर घातली की ती वाकते, सुईखालच्या पट्टीवर आपटून तुटते, आणि टोकाचा तुकडा शटलच्या खोबणीत जाऊन बसतो. तुटलेल्या सुईचे सगळे तुकडे जुळवून बघितल्याशिवाय ते चाक फिरवू द्यायचे नाहीत.

नाशिक

सगळ्यांचं वाचतेय. माझा प्रश्न आहे. सासूबाईंचं मशीन माळ्यावरून काढलंय, चांगलं चालतं. पण बॉबिन भरताना चाकाच्या मधली गोल चकती सैल केली तरी सुई वरखाली होतच राहते. आधी असं होत नव्हतं म्हणतात त्या. मीच तेलपाणी करताना ती चकती काढून परत लावली होती. काय चुकलं असेल?

वर्धा

आमच्याकडची मशीन आजीची. आजी तिला खोबरेल तेल द्यायची, घरात तेच होतं. उन्हाळ्यात मशीन पाण्यासारखी चालायची. डिसेंबर आला की पहाटे चाक हलायचं नाही. सगळे म्हणायचे थंडीनं लोखंड आखडतं. खरं कारण मला मोठेपणी कळलं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं आणि आमच्याकडे हिवाळ्यात रात्री पारा त्याच्या कितीतरी खाली जातो. वर्षानुवर्षांचं तेच तेल धुळीत मिसळून तपकिरी लाखेसारखं चिकटलेलं, ते वेगळंच.

मी काय केलं ते लिहितो. मशीन दोन तास उन्हात ठेवली. मग मशीनचं पातळ, पांढरं तेल सगळ्या भोकांत सोडलं, दोन-दोन थेंब नाही, चांगलं सढळ हातानं. सुई आणि दोरा काढून दहा मिनिटं नुसती चालवली. खालून चहासारखं काळपट तेल टपकायला लागलं. पुसलं, पुन्हा तेल, पुन्हा चालवली. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी नेहमीसारखा एकेक थेंब दिला आणि जुन्या धोतराच्या तुकड्यावर टिपा मारत बसलो, कारण उरलेलं तेल पहिल्या कापडावर उतरतंच. त्यानंतर चाकाला बोट लावलं तरी ती फिरते.

तेल कुठे द्यायचं? जिथे लोखंडावर लोखंड घासतं तिथे सगळीकडे. आडवी करून खालच्या बाजूलाही. पाय मारायच्या पायट्याच्या दोन्ही टोकांना आणि खालच्या मोठ्या चाकाच्या आसालाही, हे बहुतेक सगळे विसरतात आणि मग "मशीन जड झाली" म्हणतात.

सेवाग्राम आमच्यापासून जवळ, म्हणून एक सांगावंसं वाटतं. यंत्रांविषयी इतकं कडक बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला मात्र अपवाद केलं होतं, आजवर निघालेल्या मोजक्या उपयोगी वस्तूंपैकी ते एक, असं ते म्हणाले होते. आजीला हे फार आवडायचं.

मालवण

समुद्राकाठी मशीन सांभाळणं हे वेगळंच काम आहे. चार महिने पाऊस, बारा महिने खारा वारा. गेल्या वर्षी सुईखालची पट्टी काढायला गेलो तर दोन्ही स्क्रू गंजून एकजीव झालेले. जोर लावला असता तर खाच तुटली असती. प्रत्येकावर गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवलं, सकाळी पुन्हा एक थेंब, संध्याकाळी पेचकस खाचेत उभा धरून मागून हातोडीनं हलकेच दोन टिचक्या दिल्या. तिसऱ्या दिवशी पहिला स्क्रू सुटला. पेचकसाचं पातं खाचेत पूर्ण भरेल असंच घ्या, अरुंद पातं खाच खाऊन टाकतं.

पट्टी निघाली तर कापड पुढे सरकवणाऱ्या खालच्या दातांच्या खोबणीत सुताचा कोंडा इतका घट्ट बसलेला की नमदाच जणू. टोचणीनं तो अख्खा एका तुकड्यात उचलून आला. कापड पुढे सरकत नाही, ओढावं लागतं, ही आमची तक्रार दोन वर्षांची होती. त्याचं कारण एवढंसं. दात वर यायला जागाच नव्हती.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगतो. काळ्या रंगावरची सोनेरी नक्षी उजळावी म्हणून मी स्पिरिटनं पुसली. जुन्या मशीनवर लाखेचा थर असतो आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. हातातलं फडकं पिवळं झालं आणि कडेची वेल पुसट झाली, ती कायमची. नक्षीवर फक्त मशीनचंच तेल आणि मऊ सुती कापड.

पुसता पुसता बुडाशी नंबर दिसला, पहिलं अक्षर ई. म्हणजे ते सिंगरच्या स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. मशीन माझ्या बायकोच्या हाताखाली रोज चालू आहे.

सोलापूर

पायाच्या मशीनची चामड्याची वादी पावसाळ्यात सैल पडते, पाय मारला तरी चाक घसरतं. नवी आणायची घाई करू नका. वादीची टोकं जोडणारी तारेची क्लिप पक्कडीनं उघडायची, वादीचं एक टोक पाऊण बोट कापायचं, दाभणानं टोकाच्या जरा आत नवं भोक पाडायचं, क्लिप घालून पुन्हा दाबायची. एकदम जास्त कापू नका. वादी फार ताणली तर मशीन जड होतं. आणि क्लिपची टोकं आत दाबून सपाट करा, नाहीतर दर फेऱ्याला चाकावर टक् असा आवाज येतो. वादीला तेलाचा हात लावायचा नाही.

न्यू जर्सी

आईनं लग्नात दिलेलं मशीन मी पुण्याहून इथे आणलं, मोटरसकट. मोटर २२० व्होल्टची, इथला पुरवठा १२० चा. लावलं तर धाप लागल्यासारखं चालायचं, दोन थरांवर थांबायचं. मला वाटलं प्रवासात काही मोडलं.

मशीनला काहीच झालं नव्हतं. मोटर मागे एका स्क्रूवर लटकवलेली असते, ती सोडवून इथली १२० व्होल्टची मोटर आणि तिचं पायाचं पॅडल बसवलं, दिव्याचा बल्बही बदलला. पट्टा असा ताणायचा की मध्यावर बोटानं दाबला तर साधारण एक सेंटिमीटर आत जाईल. एवढंच काम. मशीनच्या डोक्याला व्होल्टेजशी काही देणंघेणं नसतं.

उलट दिशेनं मात्र जपा. इथलं मशीन भारतात नेऊन थेट लावलं तर मोटर जळते. मैत्रिणीचं मिनिटभरात धुरावर आलं होतं. आणि विजेच्या मशीनवर सुई बदलतानासुद्धा प्लग काढा. पॅडलवर चुकून पाय पडायला वेळ लागत नाही.

ठाणे

माझं नवं, प्लॅस्टिकच्या अंगाचं, डिजिटल. वरचे अनुभव वाचून कुणी अशा मशीनमध्ये सढळ हातानं तेल सोडू नका. काहींना तेल लागतच नाही, काहींना फक्त बॉबिनखालच्या भागात एक थेंब. पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मी दर चार बॉबिननंतर ब्रशनं कोंडा काढते. फुंकर मारत नाही, तोंडातली वाफ आत जाते. बाकीचं उघडत नाही.

इचलकरंजी

नाशिकच्या ताईंसाठी. मी पस्तीस वर्षं मशीनं दुरुस्त केली, आता हात थरथरतात म्हणून बंद केलं.

ताई, तुमची वायसर उलटी बसली आहे. मधल्या गोल चकतीवर एक बारका स्क्रू दिसेल, तो सैल करा, काढू नका, हरवतो. मग एका हातानं चाक धरून चकती पूर्ण फिरवून काढा. आत पातळ वायसर आहे. तिला बाहेरच्या कडेला तीन कान असतात आणि आत दोन जिभल्या. जिभल्या किंचित वळलेल्या असतात, त्यांची टोकं तुमच्याकडे, म्हणजे बाहेर यायला हवीत. त्या आसाच्या दोन खाचांत बसतात. बसायला दोनच तऱ्हा आहेत. एका तऱ्हेनं चकती सैल करता येत नाही, कान स्क्रूला आधीच अडतो. वायसर अर्धा फेरा फिरवून बसवा. उघडलंच आहे तर चाकही आसावरून ओढून काढा, जुनं चिकट तेल पुसा, एक थेंब नवं द्या. कधीकधी चाकच आसाला चिकटलेलं असतं. प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो काढत जा.

बाकीच्यांना एक सांगतो. सुई, दोरा, कोंडा, तेल, वादी, एवढं घरी करा. टायमिंगला, म्हणजे सुई आणि शटलच्या जुळणीला, हात घालायच्या आधी थांबा. सुई अगदी खालून साधारण दोन ते अडीच मिलिमीटर वर आली की शटलचं टोक तिच्या नेढ्याच्या जरासं वर पोहोचायला हवं. तेवढ्याच क्षणात दोऱ्याचा फासा उघडतो आणि टोक तो उचलतं. हे तुम्ही चाक हातानं हळू फिरवून नुसतं बघू शकता, बघाच, फार सुंदर आहे ते. पण जुळत नसेल तर सुईचा दांडा सैल करू नका. पाच-पाच वेळा दांडा हलवून मग आणलेली मशीनं मी पाहिली आहेत. जवळच्या माणसाला दाखवा, त्याचंही घर चालतं.

आणि पायाचं मशीन उलटं फिरू देऊ नका. चाकाचा वरचा भाग नेहमी आपल्याकडे यायला हवा. उलट गेलं की दोरा शटलमागे अडकतो.

नाशिक

काका, झालं! तुम्ही सांगितलं तसंच निघालं, वायसरच्या जिभल्या आत होत्या. चाक काढलं तर आसावर तपकिरी खरवड होती, कापडानं घासून काढली. वायसर फिरवून बसवली, स्क्रू आवळला, चाक धरून चकती सैल केली आणि सुई जागच्या जागी थांबली. बॉबिन भरली.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या होत्या. त्यांना आता डोळ्यांनी ओवता येत नाही. मी दोरा ओवून दिला, पाय आधी वर करून. त्यांनी जुन्या उशीचा अभ्रा घेतला आणि चार बाजू शिवून काढल्या. मी आता पट्टी काढून दातांखाली बघणार आहे, मालवणच्या दादांसारखा नमदा तिथेही असेल असं वाटतंय.