चर्चा: नफ्यावरची करमाफी बेळगावच्या स्टार्टअपना कितपत उपयोगी?

उद्यमबागकर
१ एप्रिल २०१६ नंतर स्थापन झालेल्या पात्र स्टार्टअपना १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८०-आयएसीनुसार पहिल्या दहा वर्षांपैकी कोणत्याही सलग तीन वर्षांच्या नफ्यावर पूर्ण वजावट मिळते, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने स्थापनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली. पण आडातच नफा नसेल, तर पोहऱ्यात सवलत कुठून येणार? माझ्या परिचयातील एका तरुणाने धातूच्या ओतकामात लागणाऱ्या साच्याच्या वाळूतील ओलावा मोजणारे यंत्र बनवले आहे. ओलावा वाढला की कास्टिंगला छिद्रे पडतात आणि माल परत येतो, हे कोणत्याही फौंड्रीवाल्याला समजावून सांगावे लागत नाही, तरीही त्याला सगळीकडे एकच उत्तर मिळाले, "सहा महिने फुकट लावून दाखव, मग बघू." त्या सहा महिन्यांत दोन मुलांचे पगार त्याने कशातून द्यायचे? माझ्या मते करमाफीपेक्षा राज्याने अशी यंत्रे पहिल्यांदा घेणाऱ्या कारखान्याला किमतीचा काही भाग द्यावा.

शहापूरचा हिशेबनीस
असहमत. नफा झाला नाही तर करमाफीपायी तिजोरीतून काहीच जात नाही. अनुदान मात्र यंत्र चालो वा न चालो, जातेच. अनुदानासाठी घेतलेली यंत्रे प्लास्टिकच्या आवरणासकट धूळ खात पडलेली मी लेखापरीक्षणाच्या वेळी पाहिली आहेत. शिवाय सलग तीन वर्षे कोणती घ्यायची हे उद्योजकानेच ठरवायचे असल्यामुळे नफा सातव्या वर्षी सुरू झाला तरी सवलत वाया जात नाही. गुंतवणूकदाराचा विचार केला, तर वाजवी मूल्यापेक्षा जास्त भावाने शेअर विकल्यास त्या जादा रकमेवर लागणारा, २०१२ साली आलेला एंजल टॅक्स २०२४ मध्ये रद्द झाला, हे आपण विसरता.

उद्यमबागकर
विसरलो नाही. मान्यताप्राप्त स्टार्टअपना अटींसह त्यातून २०१९ सालीच सूट मिळाली होती. म्हणून त्यानंतर बेळगावात पैसा आला का, एवढाच माझा प्रश्न आहे. शिवाय केंद्राची मान्यता दीड लाखाहून अधिक स्टार्टअपना असली, तरी ८०-आयएसीचे प्रमाणपत्र काही हजारांनाच मिळाले आहे, आणि ते मिळालेल्या कंपनीलाही पुस्तकी नफ्यावरचा मॅट, म्हणजे किमान पर्यायी कर, चुकत नाही.

निपाणीची अभियंता
मॅटचा मुद्दा रास्त आहे. पण खरेदीच्या अनुदानाची मोठी अडचण कोणी बोलत नाही. बेळगावच्या यंत्राला सर्वांत जवळची मोठी बाजारपेठ शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांची, म्हणजे कोल्हापूरची आहे. कर्नाटक सरकार महाराष्ट्रातील खरेदीदाराला पैसे देईल का? आपली योजना राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरच थांबेल. केंद्राची करसवलत निदान नाका ओलांडते. (सीमाप्रश्नाचे गुऱ्हाळ कृपया इथे नको, मी धंद्याविषयी बोलत आहे.) तोवर त्या तरुणाने राज्याच्या एलिव्हेट योजनेकडे अर्ज करावा, तिथे ५० लाखांपर्यंतचे अनुदान थेट स्टार्टअपला मिळते, आणि ग्राहक कुठला आहे यावर ते अडत नाही.

उद्यमबागकर
कोगनोळीचा मुद्दा मला सुचला नव्हता, तो मान्य. मग माझी मागणी बदलतो: स्टार्टअपचे यंत्र घेणाऱ्या कारखान्याला केंद्रानेच पहिल्या वर्षी पूर्ण घसारा, म्हणजे यंत्राची सगळी किंमत करपात्र नफ्यातून वजा करण्याची मुभा, द्यावा.

शहापूरचा हिशेबनीस
म्हणजे शेवटी आपणही करसवलतच मागितली. फक्त ती नफा असणाऱ्याच्या दारात नेली. याला माझी हरकत नाही, मात्र यंत्र सुरू असल्याचा पुरावा सक्तीचा हवा.