‘चार सायकली? मग उभा रॅकच’ हा सल्ला मुंबईत अर्धवट आहे

गिअर_उतरवा (अंधेरी)

काल सायकल विभागात एकाने लिहिलं: "चार सायकली न्यायच्या तर हिचवरचा उभा रॅक घ्या, दुसरा विचारच करू नका. हिच काय, कुठलाही फॅब्रिकेटर अर्ध्या दिवसात वेल्ड करून देतो." खाली अंगठ्यांची रांग. हे वाचून खरंच संताप आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

रॅक नंतर. आधी तो कशाला टांगणार ते बघा. हिच म्हणजे गाडीच्या मागे खाली बसवलेला, ट्रेलर ओढायचा जोड; उभा रॅक म्हणजे त्यात खोचायचा, सायकली पुढचं चाक वर करून टांगायचा सांगाडा. हिचवर 100 किलो उभा भार चालेल असं लिहिलेलं असतं, तो आकडा ट्रेलर ज्याला अडकतो त्या गोळ्यावरचा. गोळा हिचमधला दांडा धरणाऱ्या पिनेपासून जेमतेम 22 सेंटिमीटर मागे असतो, म्हणजे पिनेवर 22 किलो-मीटरचा पीळ. आता उभा रॅक धरा: स्वतःचा 32 किलो, भारमध्य 35 सेंटिमीटर मागे. त्यावर 15 किलोच्या चार एमटीबी (माउंटन बाइक), 55 सेंटिमीटर मागे. पहिल्याचे 11 आणि दुसऱ्याचे 33, एकूण 44. वजन 92 किलो, शंभराच्या आत, पण पीळ बरोब्बर दुप्पट. हा नुसता उभ्या गाडीचा हिशोब झाला. घोडबंदरच्या खड्ड्यात तोच आकडा क्षणभर पुन्हा दुप्पट होतो.

आणि हे सगळं बंपरच्या आतल्या बीमला वेल्ड केलेल्या चौकोनी पाइपवर? तो बीम टक्कर झाली की चेपायला बनवलेला आहे, भार पेलायला नाही.

घाटमाथा

हिशोब बरोबर, निष्कर्ष चुकीचा. चार सायकलींचा आडवा ट्रे घ्या आणि हेच गणित करा. तिथे सायकली एकीमागे एक, 40, 60, 85 आणि 105 सेंटिमीटरवर. सरासरी 72 ते 73. सायकलींचेच 43, वर 35 किलोच्या ट्रेचे 21, झाले 64. उभ्या रॅकवर चारही सायकली जवळपास एकाच अंतरावर असतात, म्हणून तर तो बनला. कॅनडातल्या व्हँकूवरजवळच्या नॉर्थ शोअरच्या डोंगरांत पिकअपमागे सहा-सहा सायकली टांगून दिवसभर खालीवर करतात, ते उगाच नाही.

दोन सायकलींपुरता आडवा ट्रे उत्तम. तीनच्या पुढे उभ्याला पर्याय नाही. हिच वाईट बसवला तर दोष हिचचा, रॅकचा नाही.

गिअर_उतरवा (अंधेरी)

चार सायकलींच्या ट्रेपेक्षा पीळ कमी पडतो, हे मान्य. पण उंचीचं काय? रिसीव्हर, म्हणजे रॅकचा दांडा शिरतो तो हिचचा चौकोनी पाइप, जमिनीपासून अर्धा मीटर, सायकलींचा भारमध्य सव्वा मीटरवर. वळणावर सगळा रॅक रिसीव्हरला आडवा पिळतो, ट्रे तेवढा पिळत नाही. तुमच्या गणितात ही बाजू आलीच नाही.

चॅसीवाला_ठाणे

दोघंही वरवरचं बोलताय. बिघडतं कुठे ते सांगतो.

इकडे 2 इंची रिसीव्हरसाठी 60 बाय 60 चा चौकोनी पाइप वापरतात. भिंत 4 मिलिमीटर असेल तर आतली मापं 52, रॅकचा दांडा 50.8. फट 1.2 मिलिमीटर. 20 सेंटिमीटर आत गेलेल्या दांड्यावर एवढी फट म्हणजे दीड मीटर वर 9 मिलिमीटरचा हेलकावा. पाइप 3 मिलिमीटरचा घेतला तर आत 54, फट 3.2, आणि वर 24 मिलिमीटर. खाली नखाएवढी फट, वर दोन बोटं हालचाल. प्रत्येक खड्ड्याला तोच धक्का त्याच वेल्डवर. तडा आधी कोपऱ्यात जातो, रंगाखाली. बाहेरून केसासारखी तांबूस रेघ दिसते. ती दिसली की रॅक त्या क्षणी उतरवायचा.

आणखी एक. पाइपच्या आत शिवणीचा उंचवटा असतो. दांडा अडतो म्हणून कारागीर ग्राइंडर फिरवतो आणि उंचवट्याबरोबर भिंतही खातो. बॅटरी लावून आत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

हिच चॅसीच्या दोन्ही लांब दांड्यांना बाजूच्या प्लेट लावून बोल्टनेच बसवायचा. दर बाजूला किमान तीन एम12 (12 मिलिमीटर जाडीचे), 8.8 ग्रेडचे बोल्ट, साधारण 80 न्यूटन-मीटरला आवळलेले. वेल्ड नाही. वेल्डने गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर) जळतं आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत आतून गंज धरतो. थार, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर ह्यांना शिडीची चॅसी आहे, तिथे काम सरळ. क्रेटा, ब्रेझासारख्या एकसंध बॉडीच्या गाडीला त्याच मॉडेलसाठी बनलेला हिच मिळाला तरच, नाहीतर विषय सोडा. आणि बंपरमध्ये आटे फिरवून बसतो तो ओढायचा हुक म्हणजे हिच नव्हे. हे दर महिन्याला कुणीतरी विचारतं.

येऊर_सकाळी

चॅसीवाला दादा, दांडा हलू नये म्हणून पिनेऐवजी आटे असलेला बोल्ट चालतो ना?

चॅसीवाला_ठाणे

चालतो, ताई, पण पिनेच्याच जाडीचा हवा. 2 इंचीला भोक 5/8 इंचाचं, म्हणजे 16 मिलिमीटरची पिन. भोकात 12 चा बोल्ट घालून "बसला" म्हणणारे भेटतात, तो आत खेळत राहतो. बोल्टने दांडा रिसीव्हरच्या एका भिंतीला दाबून बसला पाहिजे. पहिल्या 50 किलोमीटरला थांबून सगळे बोल्ट पुन्हा आवळा, रॅकच्या बिजागरीचे सुद्धा.

येऊर_सकाळी

आभार. आता ज्यावर कुणीच बोललं नाही ते. नंबरप्लेट.

उभ्या रॅकवर चार सायकली लागल्या की प्लेट पूर्ण झाकते, मधला ब्रेकलाइट झाकतो आणि बाजूच्या दिव्यांपुढे हँडलं येतात. युरोपात रॅकवर दिव्यांची पट्टी आणि दुसरी प्लेट लावतात. आपल्याकडे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) न उघडणाऱ्या स्नॅप लॉकने बसते आणि तिच्यावर लेझरने कोरलेला क्रमांक असतो. ती काढून रॅकवर लावता येत नाही. बाजारातली साधी प्लेट लावली तर ती एचएसआरपी नाही. म्हणजे एक्स्प्रेसवेच्या कॅमेऱ्यांपुढून क्रमांक झाकून जायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1अ) मध्ये मर्यादेबाहेर आलेल्या मालाला 20,000 रुपये दंड आहे, वर माल उतरवायला लावतात. पाच-सहा सायकलींच्या रॅकवर कडेचं हँडल गाडीच्या अंगाबाहेर आलं तर वाद घालायला जागा उरत नाही.

घाटमाथा

हँडलं एकाआड एक वरखाली टांगली तर 780 मिलिमीटरच्या बारच्या चार सायकली दीड मीटरमध्ये मावतात. एसयूव्ही 1.8 मीटर रुंद असते. बाहेर येत नाहीत.

प्लेटचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. दिव्यांची पट्टी लावा, पण वायर सोलून टेललाइटला जोडू नका. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर बल्बचा दोष दाखवतो, ट्रेलरचं वेगळं मॉड्यूल लागतं. एवढं मान्य.

पहाटेची_फेरी (वडाळा)

मुळात सायकल गाडीला टांगायचीच कशाला? 15 किलोचं वाहन न्यायला दोन टन लोखंड. घरून चालवत निघा. मेट्रो 2ए आणि 7 वर सायकल नेता येते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरा, पुढे अलिबाग वीसेक किलोमीटर. गर्दी नसताना लोकलच्या मालडब्यातून कर्जत गाठा. हजारोंचा रॅक, हिच, दंड, सगळंच वाचतं.

घाटमाथा

अहो, मुंबईतून सायकलने बाहेर पडायला रस्ता ठेवलाय कुठे? सी-लिंकवर सायकल बंद, कोस्टल रोडवर बंद, 2024 मध्ये उघडलेल्या अटल सेतूवर बंद. पूर्वेला जायला ऐरोली किंवा वाशीचा पूल, तोही ट्रकच्या अंगाला अंग घासत. मेट्रो 2ए आणि 7 दोन्ही पश्चिम उपनगरातल्या. वडाळ्याहून त्या गाठायलाच अर्धी सकाळ जाते.

पहाटेची_फेरी (वडाळा)

म्हणून त्याच पुलांवरून गाडीत बसून जायचं? 21.8 किलोमीटरच्या सेतूवर सायकलला एक मीटर जागा दिली नाही, ह्यावर कुणी चिडत नाही. सगळे रॅक कुठला घ्यायचा ह्यावर भांडताय. सायकल चालवणाऱ्यांनीच सायकल हे सामान आहे असं मान्य केलं, तर पालिका आणि एमएमआरडीए तिला वाहन का मानतील?

चॅसीवाला_ठाणे

पूल कुणी बांधला हा धाग्याचा विषय नाही.

पहाटेची_फेरी (वडाळा)

हाच विषय आहे. पुलावर सायकलला वाट असती तर तुमचा 60 बाय 60 चा पाइप कुणी विचारला नसता.

येऊर_सकाळी

थोडं ऐका. दोन मुलं आणि चार सायकली घेऊन कसाऱ्याला जाणाऱ्या कुटुंबाला मालडब्यात चढा म्हणून सांगता येत नाही. मालडब्यात मासळीच्या पाट्या, भाजीचे हारे आणि तुमचा डिरेल्युअर (साखळी गिअरवर सरकवणारा भाग) एकाच कोपऱ्यात येतात. त्या लोकांचं पोट त्या डब्यावर आहे, तिथे आपण छंदासाठी जागा अडवायची हे मला पटत नाही.

पहाटेची_फेरी (वडाळा)

मासळीवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे. तो मी मागे घेतो. पुलांचा घेत नाही.

आणि गाडीच लागणार असेल तर आठ जणांनी मिळून छोटा हत्ती करा. हौदा साधारण सात फूट बाय पाच फूट. एक सायकल पुढे तोंड, पुढची मागे तोंड, पेडल काढून, मध्ये जुन्या गोधड्या. साखळीची बाजू दुसऱ्या सायकलच्या फ्रेमला लागू द्यायची नाही, बस. प्लेट दिसते, दिवे दिसतात, पीळ नाही.

गिअर_उतरवा (अंधेरी)

छोटा हत्ती हा ह्या धाग्यातला सगळ्यात उपयोगी सल्ला आहे, आणि तो रॅकला विरोध करणाऱ्याकडून आला.

मूळ विषयावर येतो. घाटमाथा, उंची राहिली. 29 इंची एमटीबीचा व्हीलबेस (दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर) 1.2 मीटर, त्यात चाकाचा व्यास 0.74 मिळवा, 1.94 मीटर. खालचं चाक जमिनीपासून 40 सेंटिमीटर धरलं तर वरचं टोक 2.34 मीटरवर. मॉलच्या तळघराच्या दारावर 2.1 मीटरची पाटी असते. गाडी आत जाते, सायकलचं वरचं चाक तुळईला लागतं. रोड बाइक 1.68 मीटरची, ती 2.08 वर, म्हणजे दोन सेंटिमीटरने सुटते.

खालची बाजूही बघा. मागचं चाक ते बंपर एक मीटर, पुढे सायकल 80 सेंटिमीटर. 1:5 चढावर मागची चाकं चढाच्या सुरुवातीला असताना शेपूट 36 सेंटिमीटर खाली येतं. तुमचं चाक 40 वर. उरले चार सेंटिमीटर. सोसायटीच्या गेटवर गाडी जरा दबली की टायर फरशीला घासणार.

घाटमाथा

म्हणून आकडे घरी मोजायचे. गाडी चढावर उभी करा, बंपरच्या मागे 80 सेंटिमीटरवर काठी धरा, मग रॅक घ्या. मी कुठे म्हणालो डोळे मिटून घ्या?

उलट जे खरंच धोक्याचं आहे ते तुम्ही सोडलं: सायलेन्सर. बीएस-6 डिझेल गाडी साठलेली काजळी जाळते तेव्हा धूर एरवीपेक्षा खूप गरम येतो, तेही नेमका मोकळ्या रस्त्यावर. नळीच्या तोंडासमोर टांगलेल्या सायकलचं टायर एका बाजूने चकचकीत होतं, मग चिकट लागतं. कार्बन रिम असेल तर संपलीच. त्या जागेवर सायकल लावायची नाही, किंवा नळीला तोंड खाली वळवणारा तुकडा बसवायचा. चार जागांचा रॅक घेऊन तीनच वापरायला लागल्या तरी चालेल.

येऊर_सकाळी

आणि रॅक पुढचं चाक टोपलीत बसवणारा घ्यायचा की फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याला) धरणारा? आमच्याकडे एक हायब्रिड, एक रोड, दोन मुलांच्या.

घाटमाथा

टोपलीचाच, ताई. फोर्कला धरणारा सस्पेन्शन फोर्कच्या खांद्यावर टेकतो. रोड बाइकच्या फोर्कला तो खांदाच नसतो. "चाकावर टांगलं की रिम वाकते" हे चुकीचं आहे. चालवताना पुढच्या चाकावर 35-40 किलो असतात, इथे 15. रिमला त्रास होतो तो आडव्या झोक्याने, म्हणून मागचं चाक खालच्या दांडीला पट्ट्याने आवळायलाच हवं. मडगार्ड असतील तर पुढचा काढावा लागेल.

मुलांच्या सायकली कितीच्या? 20 इंची असेल तर तिचं मागचं चाक खालच्या दांडीपर्यंत पोचत नाही. रॅकबरोबर आलेला पट्टा पुरणार नाही, वेगळा लांब लागेल. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर उतरवल्यावर लिव्हर चार-पाच वेळा दाबून मगच चालवा. उभ्याने टांगल्यावर आतली हवा सरकते आणि पहिला ब्रेक मऊ लागतो.

चॅसीवाला_ठाणे

आणि डिकी उघडायला रॅक खाली करताना गॅस डँपर (रॅक हळू खाली आणणारी नळी) नसेल तर आधी सायकली उतरवा. पिन ओढली की 90 किलो एकदम हातावर येतात. एका हाताने पिन आणि दुसऱ्याने रॅक धरायला जाऊ नका, बोटं बिजागरीत जातात. थारसारखा बाजूला उघडणारा दरवाजा आणि त्यावर स्टेपनी असेल तर रॅक खाली झाला तरी दरवाजा अडतो. मग लोक हिचला जोड देऊन रॅक 25 सेंटिमीटर मागे नेतात. वरच्या 44 मध्ये ह्याचे 23 मिळवा.

येऊर_सकाळी

एक 20 इंची, एक 24. दरवाजा वर उघडणारा आहे. सायलेन्सर डावीकडे, म्हणजे 24 ची उजवीकडून दुसरी, बरोबर?

घाटमाथा

दुसरी नाही. हायब्रिड आणि रोड मधल्या खांबाच्या दोन्ही बाजूंना, 24 उजव्या टोकाला चालेल. 20 इंचीसाठी डावीकडची जागाच उरते, पण तिचं चाक वर राहतं, धुराच्या रेषेत येत नाही. तरी नळीपासून अंतर एकदा हाताने मोजा, गाडी थंड असताना.