‘गोतावळा’ ग्रुप : डिकीचं २०१२ साल, फ्लूक की कमाई?

बापूकाका (सांगली): _फॉरवर्ड केलेला मेसेज_
अमेरिकेतील आर. ए. डिकी या खेळाडूला जन्मतःच उजवा कोपर नव्हता!! डॉक्टर म्हणाले, हा कधीच चेंडू टाकू शकणार नाही. तो खचला नाही. ३७व्या वर्षी सर्वश्रेष्ठ बॉलर ठरला!! किमान १० जणांना पाठवा 🙏🙏

नीलाआत्या (ठाणे): 🙏🌹 पण कोपर नसताना हात वाकवायचा कसा?

ओंकार (पुणे): आत्या 😂😂

मंदार (एडिसन): काका, माणूस खरा (बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा), ३७ खरं, बाकी कुणीतरी वरून तिखट-मीठ लावलंय. कोपर होता. कोपराच्या आतला एक लिगामेंट नव्हता. पिचरचा सगळा ताण त्याच्यावरच येतो. फाटला की ऑपरेशन आणि निदान वर्षभर घरी. डिकीला तो नव्हताच, आणि हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

मंदार: १९९६ ला टेक्सास रेंजर्सनी त्याला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत घेतलं. ८,१०,००० डॉलर द्यायचं ठरलं. तेवढ्यात एका मासिकाच्या कव्हरवर ऑलिंपिक टीमच्या पिचर्सचा फोटो आला. सगळे नुसते उभे आहेत. रेंजर्सच्या ट्रेनरला वाटलं, याचा उजवा हात जरा विचित्र लोंबतोय. तपासण्या झाल्या आणि ऑफर आली ७५,००० वर.

बापूकाका: म्हणजे एका फोटोपायी ७,३५,००० डॉलर गेले? त्या ट्रेनरला काय म्हणायचं!

मंदार: नोकरी चोख केली त्याने 😄 पण पुढची दहा वर्षं डिकी तसा सुमारच होता. कधी मेजर लीगमध्ये (सगळ्यात वरची लीग), कधी खालच्या लीगमध्ये. २००५ च्या सुमाराला टीमनेच सांगितलं, तुझ्या वेगाचं काही खरं नाही, पूर्णपणे नकलबॉलवर ये, म्हणजे जवळजवळ न फिरणाऱ्या हळू चेंडूवर. ६ एप्रिल २००६ ला नकलबॉल घेऊन पहिल्यांदा मॅचची सुरुवात केली, डेट्रॉइटविरुद्ध. सव्वातीन इनिंगमध्ये सहा होमरन (आपले षटकार समज) खाल्ले.

ओंकार: सहा!!

श्रुती (बॉस्टन): सव्वातीन नाही रे दादा, तीन पूर्णांक एक तृतीयांश. तीन आऊट म्हणजे एक इनिंग, बेसबॉलमध्ये पाव नसतो 🙄

मंदार: आली बॉस्टनची मंडळी. गुड मॉर्निंग.

ओंकार: नकलबॉल म्हणजे झहीर टाकायचा तोच ना? २०११ च्या वर्ल्ड कपला अहमदाबादेत मायकेल हसीला बोल्ड काढला तो.

बापूकाका: झहीर आपल्या श्रीरामपूरचा. हे शिकवायला अमेरिका कशाला?

मंदार: काका, जात तीच, पण वापर वेगळा. झहीर तो मधूनच, फसवायला टाकायचा. डिकी शंभरातले ऐंशीच्या वर तेच टाकायचा. बॅटरला माहीत असतं काय येणार आहे. तरी लागत नाही! चेंडू जवळजवळ फिरतच नाही. हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत (बॅटरसमोरची पाटी) जेमतेम एखादी गिरकी. शिवणीच्या ज्या बाजूला हवा जशी अडकेल तसा तो वळतो, आणि वाटेत पुन्हा मत बदलतो. कुठे जाणार हे टाकणाऱ्यालाही सांगता येत नाही. टप्पा नाही, पीच नाही, सगळं हवेत.

नीलाआत्या: मग धरणाऱ्याचे हाल.

श्रुती: बरोब्बर ओळखलंस आत्या. कॅचर बिचारे नेहमीपेक्षा मोठा ग्लोव्ह घेऊन बसतात. नकलबॉलवाला टिम वेकफिल्ड खेळायचा तेव्हा आमच्या बॉस्टन रेड सॉक्सकडे त्याच्यासाठी वेगळा कॅचर असायचा.

मंदार: ओंकार, तुझ्यासाठी आकडे. वेकफिल्डचा नकलबॉल ताशी १०५-११० किलोमीटरच्या आसपास. डिकीचा सरासरी १२४, आणि मनात आलं की १३० च्या पुढे. इतका जोरात नकलबॉल सहसा कुणी टाकत नव्हतं. माझ्या मते २०१२ चं अर्धं गुपित इथेच आहे.

श्रुती: आणि अर्धं गुपित नशिबात.

मंदार: मला वाटलंच होतं.

श्रुती: दादा, शांतपणे ऐक. २०१२ : २० विजय, ६ पराभव, ईआरए २.७३, साय यंग पुरस्कार (लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा), तोही ३२ पैकी २७ जणांचं पहिलं मत घेऊन. दुसरा आला क्लेटन केरशॉ. छान. आता २०१३, टोरंटो : १४-१३, ईआरए ४.२१. एका वर्षात माणूस बदलतो का? नाही. एक वर्ष सगळे चेंडू त्याचं ऐकत होते, पुढच्या वर्षी ऐकेनात. नकलबॉलवाल्यांचं असंच असतं. १९९५ ला वेकफिल्ड पायरेट्स या टीमने सोडल्यावर आमच्याकडे आला, सुरुवात केली १४-१ ने! शेवटी १६-८. पुढची सोळा वर्षं तो आमच्याकडेच होता, पण तसा उन्हाळा परत आला नाही.

बापूकाका: ईआरए म्हणजे?

श्रुती: नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा, काका. जितका कमी तितका चांगला. आपल्याकडच्या बॉलिंग ॲव्हरेजसारखंच.

मंदार: आता माझं ऐक. २०१० ला त्याच्या नव्या टीमने, न्यूयॉर्क मेट्सनी, ट्रेनिंग कॅम्पमधून सगळ्यात आधी ज्यांना घरचा रस्ता दाखवला त्यात हा होता. खालच्या लीगमध्ये बफेलोला गेला. तिथे एका मॅचला पहिल्याच बॅटरने हिट मारला आणि नंतरचे २७ च्या २७ ओळीने आऊट! मे महिन्यात वर बोलावलं, तर त्या वर्षी ईआरए २.८४. २०११ ला ३.२८, पण रेकॉर्ड ८-१३, कारण टीम धावा करत नव्हती. त्यामुळे कुणी बघितलं नाही. ‘अनपेक्षित’ आपल्याला वाटलं, कारण आपण बघत नव्हतो.

मंदार: आणि हा माझा हुकमाचा पत्ता. २०११ ला त्याने ५४ वॉक दिले (खराब चेंडू टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस). २०१२ ला २५ इनिंग जास्त टाकून पुन्हा ५४. आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर आऊट)? १३४ वरून थेट २३०. त्याच्या नॅशनल लीगमध्ये सर्वांत जास्त. ज्याचा चेंडू कुठे जाणार हे त्यालाच माहीत नाही, तो वॉक न वाढवता शंभर स्ट्राइकआउट जास्त कसे काढतो? याला नशीब म्हणायचं?

ओंकार: शंभराला चार कमी, पण मुद्दा दादाचा 👏

श्रुती: स्ट्राइकआउटचं मान्य. पण मग पुढच्या वर्षी कुठे गेलं ते कौशल्य? विमानात राहिलं?

मंदार: २०१३ च्या सुरुवातीपासून मान आणि पाठीचा वरचा भाग धरला होता. वेग घसरला. वेग गेला की तोच चेंडू बाकीच्यांसारखा होतो. शिवाय २०१२ चा शेवटही पोटाचा स्नायू फाटलेला असताना खेळला, सीझन संपल्यावर ऑपरेशन झालं. ३८ वर्षांचं शरीर आहे गं.

नीलाआत्या: हाताला लिगामेंट नाही, पोटाचा स्नायू फाटलेला. अशा माणसाला घरचे खेळू कसे देतात?

मंदार: आत्या, २०१२ च्याच जानेवारीत हा किलिमांजारो चढून आला. मेट्सनी पत्र धाडलं होतं की काही झालं तर करार रद्द करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतोय. तरी गेला. आणि कशासाठी गेला माहितेय? मुंबईसाठी. कामाठीपुऱ्यात देहविक्रीतून बायका-मुलींना सोडवणाऱ्या संस्थेसाठी पैसे गोळा करायला. एक लाख डॉलरच्या वर जमले.

नीलाआत्या: काय सांगतोस! अमेरिकेतला खेळाडू आपल्या कामाठीपुऱ्यासाठी डोंगर चढला, आणि मला हे आत्ता कळतंय?

मंदार: पुरस्कार मिळाल्यावर पुढच्या जानेवारीत दोन मुलींना घेऊन मुंबईला येऊनही गेला.

बापूकाका: हे फॉरवर्डमध्ये पाहिजे होतं. कोपराचं कशाला घातलं?

ओंकार: दादा, तू त्याला प्रत्यक्ष बघितलंस का?

मंदार: विसावा विजय बघितला. २७ सप्टेंबर, सिटी फील्ड, पायरेट्सविरुद्ध, भर दुपारची मॅच. ऑफिसात ‘डेंटिस्ट’ सांगून निघालो. मेट्स तोवर कधीच शर्यतीबाहेर, शेवटी ७४-८८ वर संपले. तरी लोक आले होते ते फक्त याच्यासाठी. प्लेटच्या मागे जरा उजवीकडे, बऱ्यापैकी खालची सीट मिळाली. टीव्हीवर नकलबॉल नुसता हळू दिसतो. तिथून दिसतं की बॅटरची बॅट निघते छातीच्या उंचीवर, आणि तोवर चेंडू गुडघ्याशी. एकाने तर मिस झाल्यावर कॅचरकडे असं पाहिलं, जणू त्यानेच काही केलं. १३ स्ट्राइकआउट काढले त्या दिवशी. आठव्या इनिंगमध्ये त्याला बाहेर काढलं तेव्हा आख्खं स्टेडियम उभं. मेट्सच्या पिचरने २० विजय मिळवले होते ते त्याआधी १९९० ला, फ्रँक व्हायोलाने.

श्रुती: दादाचा गळा दाटून आलाय, पाणी द्या कुणीतरी.

मंदार: चेष्टा कर. जूनमध्ये लागोपाठ दोन मॅचमध्ये फक्त एकेक हिट दिला, आधी टँपाला, मग बाल्टिमोरला. त्यातही टँपाचा एकमेव हिट म्हणजे एक साधा जमिनीवरून गेलेला फटका, मेट्सच्याच डेव्हिड राइटच्या हातात बसला नाही इतकंच. मेट्सनी ती हिट नाही, राइटची चूक (एरर) ठरवा म्हणून लीगकडे अपीलही केलं. फेटाळलं. लागोपाठ दोन असे सामने त्याआधी १९८८ ला झाले होते. हे फ्लूक असेल तर मला रोज चालेल.

श्रुती: बरं, एकच प्रश्न. इतका थोर होता तर पुरस्कार मिळाल्यावर महिन्याभरात, डिसेंबरमध्येच तुमच्या मेट्सनी त्याला टोरंटोला का विकला?

ओंकार: 🍿

मंदार: कारण ३८ वर्षांच्या पिचरला याहून जास्त किंमत कधीच येणार नव्हती. बदल्यात आलेल्यांत नोआ सिंडरगार्ड होता. २०१५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगची फायनल) मेट्सनी एकच मॅच जिंकली, ती याने टाकलेली.

श्रुती: म्हणजे मेट्सच्या ऑफिसातही हेच मत होतं की हे टिकणार नाही. धन्यवाद, माझं म्हणणं तू स्वतःच सिद्ध केलंस 😌

मंदार: टिकणार नाही आणि नशिबाने आलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत श्रुती.

श्रुती: वकिली चालू 🙄 २०१२ ला तो लीगमधला सर्वोत्तम होता हे मी लिहून देते. पण तो २०१३ ला पण तसाच राहील असं ज्या टोरंटोवाल्यांना वाटलं, त्यांची मला दया येते.

मंदार: यावर आपलं एकमत आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

ओंकार: ते राहू दे. उद्या नेट्सला टाकून बघतो. धरायचा कसा?

मंदार: पहिल्या दोन बोटांची नखं शिवणीच्या किंचित खाली चामड्यात रुतव. बोटांची पेरं नाही, नखं. अंगठा आणि अनामिका बाजूने नुसती आधाराला. मनगट ताठ, सोडताना झटका नाही. चेंडू फिरला की संपलं, फुलटॉस समज.

श्रुती: आणि नखं नीट घासून ठेव. पण कानस खिशात ठेवून मैदानात जाऊ नकोस. १९८७ ला नकलबॉलवाल्या जो नीक्रोच्या खिशातून अंपायरसमोर उडून पडली होती, चेंडू खरवडतो असा संशय येऊन दहा मॅचची बंदी झाली. तो म्हणत राहिला, नखांसाठीच आहे.

नीलाआत्या: माझ्याकडे जास्तीची आहे, ओंकार. येशील तेव्हा घेऊन जा. फक्त विकेटकीपरला आधी सांग रे बाबा.